पोटरीला लागलेला सूर

काही सूर कानाआधी अंगाला कळतात. जमिनीवर टेकलेल्या गिटार-कॅबिनेटपुढे दोन पावलांवर उभं राहून सगळ्यांत जाड तार छेडली, की सूर कानात नीट उतरायच्या आतच पोटरीला हवेचा एक हलका धक्का लागतो, पँटचं कापड किंचित थरथरतं, आणि मग तो सूर गुडघ्यावरून, बरगड्यांमधून वर चढत चढत कानाशी येतो. धक्का लागला आणि विरला, एवढंच त्याचं आयुष्य. पण ज्याला तो एकदा लागला, तो पुढे कितीतरी वर्षं त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. मीही त्यातलाच.

मला तो पहिल्यांदा लागला दादरच्या एका तळघरात. सरावासाठी तासाच्या भाड्यानं मिळणारी ती खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खाली पावसाचा दमट वास मुरलेला जुना गालिचा, आणि वर रस्त्याच्या पातळीला एक आडवा झरोका. त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला दिसायच्या, आणि दुपार कलली की उन्हाची एक पट्टी तिरपी उतरून नेमकी कॅबिनेटच्या जाळीच्या कापडावर येऊन बसायची. अ‍ॅम्प चालू केला की आधी नुसती घरघर. मग व्हॉल्व्ह तापत जायचे, त्यांच्यावरची धूळ तापायची आणि खोलीभर एक करपट, गोडसर वास पसरायचा. त्या वासाबरोबर माझ्या बोटांना घाम सुटायचा. कुणीतरी तार छेडायचं, आणि उन्हाच्या पट्टीत तरंगणारी धूळ एकदम दचकायची. सूर डोळ्यांना दिसायचा म्हणा ना. त्या वयात, त्या खोलीत, मला आणखी काहीच नको होतं.

आता माझ्या टेबलावर जाडजूड पुस्तकाएवढी एक पेटी आहे. मॉडेलर, म्हणजे निरनिराळ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारी. तिच्या पोटात लंडनचे अ‍ॅम्प आहेत, कॅलिफोर्नियाचे आहेत, आमच्यापैकी कुणाच्याही खिशाला कधी परवडले नसते असे आहेत. 1998 मध्ये लाइन सिक्सचा लाल, घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराचा 'पॉड' आला तेव्हा जाणती माणसं त्याच्याकडे खेळणं म्हणून पाहत. पुढे फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स आला, 2011 मध्ये जर्मनीतून केम्पर आला, मग हेलिक्स, मग फिनलंडचा क्वाड कॉर्टेक्स; आणि खेळणं म्हणणाऱ्यांचे आवाज हळूहळू खाली गेले. पेटीतला अ‍ॅम्प आज इतका खरा झाला आहे की डोळे मिटून ऐकताना मला स्वतःला तो ओळखता येत नाही. पण पेटीला तोंड नाही. तिच्यातला सूर बाहेर कुठून येणार, हे तिनं आपल्यावर सोडलेलं आहे, आणि खरी घालमेल तिथेच सुरू होते. तिला ताकदीचा अ‍ॅम्प जोडून जुन्या वळणाच्या कॅबिनेटमधून बोलू द्यायचं, की फुल-रेंज स्पीकरमधून, ज्याला वाजवणारे एफआरएफआर म्हणतात, जो आपलं काही न मिसळता आलेला आवाज तसाच्या तसा पुढे करतो?

वरवर पाहता हा सामानाचा प्रश्न आहे. वजन, वॉट, किंमत. पण मी त्याच्याशी इतके दिवस बसलो आहे की मला तो सामानाचा वाटेनासा झाला आहे.

कॅबिनेटमधला स्पीकर म्हणजे मुळात कागद. बारा इंची शंकू, मागे तारेचं एक वेटोळं, त्यामागे लोहचुंबक. साधारण 75 हर्ट्झच्या खाली तो उतरत नाही आणि 5000च्या वर त्याचा दम संपतो. माणसाचा कान ऐकतो 20 ते 20,000. म्हणजे वरचा केवढा तरी प्रदेश हा कागद सरळ गिळून टाकतो. गाणी ऐकायच्या स्पीकरमध्ये हा दोष ठरला असता. गिटारला मात्र हाच कागद तारतो, कारण अ‍ॅम्पनं मुद्दाम फाडलेल्या आवाजातली सगळी चरचर, सगळं टोचणारं त्या वरच्या प्रदेशात असतं. कागद ते झाकतो आणि मधल्या पट्टीत आपलं काहीतरी, थोडं घोगरं, थोडं मायाळू, मिसळून देतो. थेम्सकाठी सुरू झालेल्या सेलेस्टियन कंपनीचे स्पीकर म्हणूनच नावानं ओळखले जातात: व्हॉक्सच्या एसी-30 मधला निळा, मार्शलच्या कॅबमधला हिरव्या पाठीचा, आणि 1986 मध्ये आलेला व्हिंटेज 30. तिघांचे स्वभाव तीन. 1964 मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या लहानशा अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला, आणि त्या फाटक्या कागदातून जे बाहेर पडलं त्यावर पुढच्या कित्येक पिढ्या वाढल्या. स्पीकर हा गिटारचाच अवयव आहे, हे त्या पोरसवदा मुलाला कसं कळलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि तो चार स्पीकरांचा चौकोनी डोंगर! पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला जिम मार्शलचं वाद्यांचं दुकान होतं. माणूस मूळचा ड्रम वाजवणारा आणि शिकवणारा. गिरहाइकं म्हणून येणाऱ्या पोरांना हवा तसा, हवा तेवढा मोठा अ‍ॅम्प बाजारात मिळेना, म्हणून 1962 मध्ये त्याच्या माणसांनी तो घडवला. एका स्पीकरला ती ताकद झेपेना, म्हणून एका पेटीत चार बसवले. पुढे गिटारवादक पीट टाउनशेंडनं आठ मागितले. आठांची अखंड पेटी सामान वाहणाऱ्यांच्या पाठीला पेलेना, तेव्हा चारांवर चार अशी उतरंड आली. आज जे चित्र रॉक संगीताची खूण म्हणून टी-शर्टांवर छापतात, ते असं माणसांच्या पाठींनी ठरवलेलं आहे. अशी एक पेटी रिकाम्या हातांनी उचलून पाहावी. छत्तीस-सदतीस किलो. दादरच्या तळघरातली कॅब कुणी जागची हलवत नसे, ते काही उगाच नव्हे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग ठरलंच की. कॅबिनेट.

पण थांबा. मला कॅसेटबद्दल बोलायचं आहे.

त्या तळघरात पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी गिटार माझ्याकडे आली होती, आणि ती आली होती काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून. 2016 मध्ये ते दुकान बंद झालं तेव्हा मुंबईतले पुष्कळजण हळहळले. माझ्यासाठी तर तो एक दरवाजाच होता. तिथून आणलेली कॅसेट घरातल्या टू-इन-वनमध्ये सरकवायची, बटण खटकन दाबायचं, आणि डोकं स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवून आडवं व्हायचं. चार बोटं रुंदीचा तो एवढासा स्पीकर. त्यातून 'मशीन हेड'मधली गिटार यायची. 1971च्या डिसेंबरात, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या एका हिवाळ्यात बंद पडलेल्या हॉटेलात डीप पर्पलनं तो अल्बम ध्वनिमुद्रित केला, हे मला कितीतरी नंतर समजलं. तेव्हा कळत होती ती फक्त एक दूरची थंडी, बोळांमधून घुमत येणारी. बाहेर पाऊस, स्वयंपाकघरात फोडणी, आणि कानाशी माँत्रोच्या हॉटेलातले बोळ.

आता बघा. त्या कॅसेटमध्ये कॅबिनेटचा आवाज होता का? होता आणि नव्हता. कॅबच्या कापडापासून दोन बोटांवर मायक्रोफोन लावलेला असतो. 1965 पासून बहुतेक वेळा शुअरचा एसएम-57, दिसायला अगदी साधा. मायक्रोफोन ऐकतो ते कागदाच्या एका लहानशा भागाचं बोलणं. मध्याशी धरला तर धारदार, कडेला सरकवला तर मऊ. मग कुणीतरी बटणांवर बोटं फिरवून तो आवाज ड्रमच्या आणि गळ्याच्या मध्ये बसवतो, मग फीत, मग कॅसेट, मग आमचं टू-इन-वन. म्हणजे मी आयुष्यात पहिल्यांदा ज्या आवाजाच्या प्रेमात पडलो, तो मायक्रोफोननं ऐकलेला आवाज होता. त्याला पोटरी नव्हती. आणि तरी ते प्रेम खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

1972च्या शरदात लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत काम केलं आणि एका रात्री कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' क्लबमध्ये वाजवून गेले. त्या रात्री तिथे जी मोजकी माणसं असतील, त्यांच्या पोटऱ्यांना तो सूर लागला असेल. बाकी सगळ्या देशानं पेजला ऐकलं ते सुईतून आणि फितीतून. आम्ही दुरून ऐकणाऱ्यांचं गाव. आमच्यासाठी दूरपण हा त्या संगीताचाच एक स्वर आहे.

म्हणून एफआरएफआर मला परका वाटत नाही. त्याच्यासाठी मॉडेलरच्या पेटीत जे काम चालतं, त्याला आयआर म्हणतात: एखाद्या कॅबमधून सर्व उंचीच्या सुरांचा एक लांब घसरा वाजवायचा, मायक्रोफोननं तो टिपायचा, आणि गणितानं त्यातून त्या कॅबचा, त्या मायक्रोफोनचा, त्या नेमक्या जागेचा ठसा वेगळा काढायचा. हा ठसा बहुधा सेकंदाचा विसावा-पंचविसावा भाग एवढाच असतो. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. एवढ्याशा क्षणात कागद, लाकूड, लोहचुंबक, मायक्रोफोन सगळं मावतं, आणि आपण छेडलेल्या प्रत्येक सुराला ते पुन्हा पुन्हा स्पर्श करून जातं. एफआरएफआरमधून ते ऐकताना मला त्या टू-इन-वनच्या जाळीला डोकं टेकवलेला मुलगा दिसतो. फक्त आता आतली गिटार तो स्वतः वाजवत असतो. हे सुख लहान नाही.

मग अडतं कुठे?

माझी आत्या गात असे. तिच्याकडे मिरजेचा तंबोरा होता. रियाजाला बसली की ती मला जवळ बसवून घ्यायची, आणि माझा कान नकळत भोपळ्याकडे जायचा. भोपळ्याला गाल लावला की षड्ज हाडात उतरायचा, आणि जवारी नीट लागलेली असली तर कुणी न वाजवलेला गंधार खोलीच्या भलत्याच कोपऱ्यातून उमटायचा. पुढे तिच्या बोटांनी दगा दिला, आणि घरात इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला. सूर अचूक, न दमणारा, पावसाळ्यात न उतरणारा. ती त्यावर समाधानानं गायली, शेवटपर्यंत. पण गंधार आता त्या डबीतूनच यायचा. कोपऱ्यातून यायचा नाही. तिनं याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. मी मात्र त्या कोपऱ्याकडे पाहत राहायचो.

मध्यंतरी माझ्याकडे दोन्ही एकदम होते: मित्राकडून आणलेला एफआरएफआर, आणि मागून उघडी, एकाच स्पीकरची छोटी कॅब. माझी भाची आली होती. ती गिटार शिकली ती हेडफोनवर, तिच्या सगळ्या सुरांनी आजवर तिच्या दोन कानांमधल्या जागेत संसार केलेला. आधी एफआरएफआर लावला. पलंगावर बसली, दारात उभी राहिली, खिडकीशी गेली; सूर तिच्या मागोमाग जवळजवळ तसाच आला. मग मॉडेलरमधली आयआर बंद केली, कारण खरी कॅब पुढे असताना आतली कॅबही चालू ठेवली तर आवाज गोधडीखाली घुसमटतो, आणि छोट्या कॅबला तार जोडली. ती वाजवत वाजवत दोन पावलं बाजूला सरकली आणि थबकली.

"मामा, इथे आवाज वेगळाच येतोय."

"अजून सरक."

ती भिंतीपर्यंत गेली, खाली बसली, पुन्हा उठली. "समोर बसलं की टोचतो. बाजूला गेलं की मऊ. आणि मागे भिंतीशी तर नुसता घुमतोय. मग यातला खरा कुठला?"

मला तिचा प्रश्न इतका आवडला की मी लगेच उत्तर द्यायचं टाळलं. उत्तर तसं शाळेच्या पुस्तकातलं आहे. बारा इंची कागद वरचे सूर झोतासारखे सरळ पुढे फेकतो आणि खालचे सगळीकडे सांडू देतो. उघड्या पाठीतून निघालेला आवाज भिंतीला लागून परत येतो. गिटारच्या जाड तारेचा सूर सेकंदाला 82 कंपनांचा, त्याची एक लाट चार मीटरहून लांब. माझी खोली तेवढी लांब नाही! म्हणजे तो सूर खोलीत मावतच नाही. भिंतींना, फरशीला, कपाटाला, आपल्याला धरून धरून कसाबसा उभा राहतो. आणि वरच्या 5000 हर्ट्झची लाट म्हणाल तर सात सेंटिमीटर, तळहातावर बसेल एवढी. एक खोलीपेक्षा मोठा, एक मुठीत मावणारा, आणि दोघे एकाच कागदातून निघालेले. शेवटी तिला मी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा भिंतीशी जाऊन उभी राहिली.

एफआरएफआरच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्याच्यावर अन्याय फार होतो. लोक तो उंच स्टँडवर, कानाच्या रेषेत ठेवतात, बारीक आवाजात वाजवतात, आणि म्हणतात, याच्यात जीव नाही. आवाज लहान असला की माणसाचा कान खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं आहे. वरच्या मजल्यावरचं बाळ झोपलेलं असताना वाजवलेला कुठलाही स्पीकर दादरच्या तळघराशी कसा झुंजणार? तोच एफआरएफआर फरशीवर ठेवा, किंचित मागे रेलवा, पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं छाटून टाका, आवाज थोडा मोकळा सोडा. तो बराच जवळ येतो. इतका, की मला एकदोनदा पोटरीकडे पाहावंसं वाटलं. आणि ज्याला एकाच संध्याकाळी काचेसारखा स्वच्छ सूर हवा, मग फाटलेला हवा, मग अकूस्टिक गिटार हवी, त्याच्या हातात कागदाचा स्पीकर देणं बरोबर नाही. कागद सगळ्यांना आपलाच रंग लावतो. भाचीच्या बँडला असंच सगळं हवं असतं. तिनं एफआरएफआर पक्का केला, आणि ते योग्यच केलं. लोकलमध्ये तो खांद्याला लावून चढताही येतं.

मी कॅब ठेवली.

मॉडेलर आहेच; ताकदीसाठी पुस्तकाच्या अर्ध्या जाडीचा एक अ‍ॅम्प घेतला आहे. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे तो करपट गोड वास आता येत नाही, आणि त्याची मला अधूनमधून फार आठवण येते. कॅब का ठेवली, हे मी स्वतःशी पुष्कळ घोळवलं. मायक्रोफोननं ऐकलेली गिटार आज माझ्या चहूकडे आहे. फोनमध्ये आहे, गाडीत आहे, हेडफोनमध्ये आहे, रिक्षावाल्याच्या पायाशी लावलेल्या डब्यातसुद्धा आहे. माझं बालपण मला कुठेही, केव्हाही परत मिळतं. पण जो सूर ऐकायला त्याच खोलीत, त्याच घटकेला, अंगासकट हजर असावं लागतं, तो देणारी माझ्या घरात ही एकच पेटी आहे. गिटार तिच्यासमोर धरून आवाज वाढवला, की तिची हवा परत येऊन तारांना हलवते, मी न छेडलेला सूर आपोआप लांबत जातो, आणि तेव्हा कोण कुणाला वाजवतं आहे हे सांगता येत नाही. असं एफआरएफआरशीही होतं. माझ्या खोलीत, माझ्या बोटांना, ते कॅबशी अधिक सहज होतं, आणि या बाबतीत मी माझ्या बोटांचं ऐकतो.

आवाज अर्थात संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या मधेच मोठा करता येतो. वरचं बाळ तेव्हा बागेत गेलेलं असतं, समोरच्या काकू देवळात. अर्धा तास. बाकी दिवसभर हेडफोन, आणि त्यांच्याशीही माझं भांडण नाही.

पुढच्या शनिवारी भाची तिच्या बँडच्या पोराला घेऊन येणार आहे. त्याला म्हणे दोन्ही एकदम जोडून पाहायचे आहेत: मॉडेलरच्या एका वाटेनं आयआरसकट आवाज एफआरएफआरला, दुसऱ्या वाटेनं कोरा आवाज कॅबला. करता येतं तसं. त्याआधी मला कॅब सोफ्याच्या कडेवरून काढून खिडकीखाली ठेवायची आहे. तिथे भिंत मोकळी आहे, उघड्या पाठीला हात-दीड हात जागा मिळेल, आणि समोर तिघांना उभं राहता येईल. पुस्तकांचं कपाट मात्र थोडं सरकवावं लागेल. जाड तारेच्या 'ई'ला त्याची काच वाजते.